तांबे यांची कविता: आधी ऐकलेली, मग वाचलेली

सायंतारा (लष्कर, ग्वाल्हेर) यांचा प्रश्न:

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आमच्या लष्कर भागातील काही मराठी कुटुंबे महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतात आणि अलीकडे वाचलेल्या, ऐकलेल्या, पाहिलेल्या गोष्टींपैकी जे मनात घर करून राहिले असेल, त्याविषयी बोलतात. पुढच्या बैठकीत बोलण्याची पाळी माझ्याकडे आली आहे आणि मी भा. रा. तांबे यांची कविता निवडली आहे. तांबे यांचा जन्म १८७३ साली मुंगावलीचा, अखेरची वर्षे त्यांनी आपल्या ग्वाल्हेरात काढली, ते संस्थानचे राजकवी होते आणि ७ डिसेंबर १९४१ रोजी त्यांनी येथेच देह ठेवला. तरीही आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी तांबे आले ते पुस्तकातून नव्हे, तर आकाशवाणीवरून, लता मंगेशकर यांच्या आवाजातून. 'मावळत्या दिनकरा', 'कळा ज्या लागल्या जीवा', 'नववधू प्रिया मी बावरते' ही गाणी आम्हां भावंडांना अक्षरओळख होण्यापूर्वीच पाठ होती.

सध्या मी त्यांची समग्र कविता रोज थोडी थोडी वाचते आहे आणि तिने मला अक्षरशः वेड लावले आहे. 'जन पळभर म्हणतील हाय हाय' ही कविता घ्या. गाणे ऐकताना त्या चालीतली खिन्नता आपल्याला प्रथम गाठते, आणि 'मी जाता राहील कार्य काय' हा उद्गार जगाच्या कोरडेपणाविषयीची तक्रार वाटू लागतो. पुस्तकात हीच कविता सावकाश वाचली की तक्रारीचा सूर मावळतो. सूर्य तळपतील, मेघ वर्षतील, शेते पिकतील, ही सारी विधाने कवी विलक्षण शांतपणे करतो. जणू तो स्वतःच्या जाण्याचा हिशेब तपासून पाहतो आहे आणि तो बरोबर जुळतो आहे. पुढे सखेसोयरे 'उठतिल, बसतिल, हसुनि खिदळतिल' असे तो म्हणतो, तेथे मी बराच वेळ थांबले. ज्या घरात मृत्यू झालेला आहे, तेथे तेराव्याच्या आदल्या दिवशी तांदूळ निवडत बसलेल्या बायकांमध्ये कोणीतरी गेलेल्या माणसाचीच एखादी आठवण सांगते आणि एकाएकी हशा पिकतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या हसण्यात दुःखाचा अवमान नसतो. तांबे यांनी ते नेमके पाहिले आहे आणि त्या हसणाऱ्यांवर ते यत्किंचितही रागावलेले नाहीत. म्हणूनच शेवटच्या कडव्यात 'हरिदूता का विन्मुख व्हावे' हा प्रश्न आपोआप येतो. आधीच्या चार कडव्यांनी त्याची वाट मोकळी करून ठेवलेली असते. गाण्यात मी हे कडवे ऐकत आले असूनही त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते, कारण पहिल्या ओळीची चालच मनात घोळत राहायची.

आता प्रश्नाची दुसरी बाजू सांगते. या संग्रहात अनेक कवितांखाली जाति (म्हणजे छंद), राग आणि ठिकाण यांची नोंद छापलेली आहे. कोठे 'लष्कर-ग्वाल्हेर' आहे, कोठे अजमेर आहे; आणि रागाचे नाव तर कवीनेच दिलेले आहे. म्हणजे आपली कविता गायली जावी, ही खुद्द तांबे यांचीच इच्छा होती, असे मानावे लागते. मग ती गाण्यातून आपल्यापर्यंत आली, यात कवितेची हानी झाली असे म्हणता येईल का?

माझा प्रश्न असा आहे. आपण अलीकडे आस्वाद घेतलेल्या कलाकृतींपैकी एखादी आधी वेगळ्या रूपात तुमच्याकडे आली होती का, आणि मूळ रूपात भेटल्यावर ती वाढली की उणावली? गाणे, कविता, पुस्तक, चित्रपट, कशाहीविषयी लिहावे. मात्र जे अलीकडे प्रत्यक्ष अनुभवले असेल, त्याविषयीच लिहावे, ही विनंती.


ख्यालप्रेमी (जनकगंज, ग्वाल्हेर) यांचे उत्तर:

सायंतारा ताई, सप्रेम नमस्कार. आपण विचारलेला प्रश्न गाणाऱ्यांना रोजच्या रियाजात भेटतो, म्हणून गाण्याच्या बाजूने उत्तर देतो.

ग्वाल्हेरच्या परंपरेत बंदिशीला, म्हणजे रागात बांधलेल्या रचनेला, जो मान आहे, त्याचे एक व्यावहारिक रूप आहे. गायकाने आरंभी स्थायी आणि अंतरा, म्हणजे बंदिशीचा पहिला आणि दुसरा भाग, दोन्ही पूर्ण मांडायचे, शब्द स्वच्छ ऐकू आले पाहिजेत, आणि मगच विस्ताराला हात घालायचा, अशी येथली शिस्त आहे. ग्वाल्हेरचे गायक कृष्णराव शंकर पंडित यांची जी ध्वनिमुद्रणे मी अलीकडे पुन्हा ऐकली, त्यांत ही शिस्त फार तेजस्वी वाटते. बंदिशीचा मुखडा, म्हणजे आरंभीची ओळ, तेवढा घेऊन त्यावर तास दीड तास काढण्याची सवय ज्यांच्या कानांना झाली आहे, त्यांना अंतऱ्याचे महत्त्व या गाण्यात कळते. अंतरा हा स्थायीला दिलेला जबाब असतो, आणि तो ऐकल्याशिवाय स्थायीचे म्हणणेही अपुरेच राहते. 'जन पळभर'च्या शेवटच्या कडव्याविषयी आपण जे लिहिले आहे, ते मला या शिस्तीच्या अगदी जवळचे वाटले. माझ्या मते कवितेची हानी चालीमुळे होत नाही. आपण श्रोते केवळ मुखड्यावर समाधान मानतो, तेव्हा ती होते. पूर्ण ऐकले, तर गाणे कवितेपासून काहीही हिरावून घेत नाही.

याची सर्वांत मोठी साक्ष मला कुमार गंधर्व यांच्या गाण्यात मिळते. क्षयरोगामुळे हवापालटासाठी ते जानेवारी १९४८ मध्ये देवासला आले, पुढची काही वर्षे त्यांना गाण्याची बंदी होती, आणि त्या काळात कानांवर पडलेली माळव्याची लोकगीते त्यांच्या पुढच्या गाण्याचा पाया झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु याच देवासात तांबे यांचे शिक्षण झाले होते आणि तेथील राजपुत्राला त्यांनी शिकवलेही होते, हा दुवा मला फार मोलाचा वाटतो. कुमारजींनी पुढे 'तांबे गीत रजनी' हा संपूर्ण कार्यक्रमच तांबे यांच्या कवितेवर उभा केला. त्यातील गाणी हल्ली मी एकेक करून ऐकत आहे. भावगीताची जी सजावट आपल्या ओळखीची आहे, ती येथे जवळजवळ नाही. एखादा शब्द ते मधेच सोडून देतात, क्षणभर थांबतात आणि पुढचा शब्द अनपेक्षित जागेवरून उचलतात. त्या थांबण्याच्या जागा बहुतेक वेळा अर्थाच्याच जागा असतात. आपण पुस्तक वाचताना जेथे थांबलात, तेथेच कुमारजीही गाताना थांबले असावेत, असा मला विश्वास वाटतो. गाणाऱ्यानेही ती कविता आधी अशीच वाचलेली असते.

अर्थात सगळेच शब्द वाचण्यासाठी नसतात, हेही सांगितले पाहिजे. मालिनी राजूरकर यांचे टप्पे (हा द्रुत तानांचा एक गानप्रकार आहे) मी गेल्या हिवाळ्यापासून सतत ऐकतो आहे. त्यांचा जन्म १९४१ साली अजमेरचा. आपण कवितेखाली पाहिलेले अजमेरच. ग्वाल्हेरची गायकी तेथेच त्यांना गोविंदराव राजूरकरांकडून मिळाली. टप्प्याचे बोल पंजाबी असतात आणि ते इतके थोडे असतात की कागदावर उतरवले, तर चार ओळींत संपतात. ते वाचून काहीच हाती लागत नाही. पण मालिनीताई त्याच बोलांना तानेच्या लहान लहान, वळणदार तुकड्यांत गुंफतात, एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर अशा काही झपकन उतरतात की ऐकणारा सावरण्यापूर्वीच सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येऊन गेलेली असते. आवाज मात्र कोठेही चढलेला नसतो. एवढी अवघड गोष्ट इतक्या निगर्वी रीतीने गाणारा कलावंत मी दुसरा ऐकलेला नाही. तेव्हा टप्प्याला वाचनाची गरज नाही आणि तांबे यांना आहे. बैठकीत आपण हा भेद श्रोत्यांपुढे अवश्य ठेवावा.


फूलबागेचा वाचक (ग्वाल्हेर) यांचे उत्तर:

आदरणीय सायंतारा ताई आणि ख्यालप्रेमी काका, दोघांचेही लेखन फार आवडले. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी पुस्तके मी मोठेपणी वाचू लागलो, त्यामुळे माझा अनुभव थोडा निराळा आहे.

झाशीच्या राणीवरची कविता म्हटली की ग्वाल्हेरच्या कोणत्याही शाळकरी मुलाच्या तोंडी सुभद्राकुमारी चौहान यांची हिंदी कविताच येते, आणि ती आजही मला तितकीच प्रिय आहे. तांबे यांची 'रे हिंदबांधवा, थांब या स्थळी' ही कविता मात्र मी या वर्षी वाचली, तीही फूलबागेतल्या राणीच्या समाधीसमोर उभे राहून, माझ्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवीत. हिंदी कवितेत राणीचे सारे आयुष्य येते, बालपणापासून युद्धापर्यंत. तांबे आपल्याला एका जागेपाशी उभे करतात आणि तेथून हलू देत नाहीत. 'ती पराक्रमाची ज्योत मावळे इथे झाशिवाली' ही ओळ ज्या मातीविषयी आहे, ती माती पायांखाली होती. बाहेर रस्त्यावरून टेंपो आणि बसगाड्या जात होत्या, मला आवाज बराच चढवावा लागत होता, आणि त्या कवितेला चढा आवाजच शोभतो, हे तेव्हा ध्यानात आले. राणी माहेरची तांबे, मोरोपंत तांबे यांची कन्या, कवीही तांबे. 'तांबेकुलवीरश्री ती' असे कवी लिहितो, तेव्हा त्यात आप्तपणाचा जो अभिमान आहे, तो माझ्या मुलीला लगेच कळला आणि तिने ते कडवे पुन्हा वाचायला लावले. शेवटी 'ह्या दगडां फुटतिल जिभा' ही ओळ आली, तेव्हा पुढे वाचणे मला काही क्षण जमेना.

त्यानंतर मी विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' वाचायला घेतला, आणि सध्या माझ्या मनावर खरा अंमल आहे तो या पुस्तकाचा. ग्वाल्हेरच्या राजघराण्यातील बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार आहेत, त्यात दक्षिणा मिळेल, या आशेने कोकणातील वरसई गावचे हे भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला, तेव्हा ते शहरातच होते. पुढे त्यांनी सारे लिहून काढले आणि चिंतामणराव वैद्य यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले. वैद्यांनी मजकुरावर बराच हात फिरवला होता. मूळ लेखन दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली प्रकाशात आणले, आणि वाचायचे तर तेच वाचावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या पुस्तकात काल्पीच्या वाटेवरचा एक प्रसंग आहे. झाशी पडल्यानंतर वणवण करणारे गोडसे भटजी एका विहिरीपाशी असताना धुळीने माखलेली, पुरुषी वेषातली राणी घोड्यावरून तेथे येते. तिला तहान लागलेली असते. भटजी ओळखतात आणि लगबगीने पाणी काढू लागतात, तेव्हा ती त्यांना थांबवते: आपण विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढून घेते. मग मातीच्या मडक्यातले पाणी ती ओंजळीने पिते. मी अर्ध्या शेर तांदळाची धनीण, मला हा खटाटोप करण्याची काय गरज होती, अशा अर्थाचे तिचे बोलणे पुढे येते. गोडसे भटजींनी हे सारे कसलाही अलंकार न चढवता लिहिले आहे. ते कवी नव्हते, इतिहासकारही नव्हते. त्यांनी जे पाहिले, ते घरच्या माणसांना सांगावे तसे सांगितले, आणि म्हणूनच ती ओंजळ डोळ्यांसमोरून हलत नाही.

ताई, आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की 'माझा प्रवास' वाचल्यावर तांबे यांची कविता माझ्यासाठी वाढली. कवितेतली राणी नंगी तलवार घेऊन खंद्या घोड्यावर स्वार आहे. तीच तहानलेली, थकलेली बाईही होती, हे ठाऊक झाल्यावर 'अश्रु दोन ढाळी' ही कवीची विनंती कितीतरी खरी वाटते. बैठकीत एखादे गद्य पान वाचायचे असेल, तर काल्पीचे हे पान वाचावे.


सायंतारा (लष्कर, ग्वाल्हेर):

दोघांचेही मनापासून आभार. काकांनी मांडलेला स्थायी-अंतऱ्याचा विचार माझ्या टिपणात उतरवून घेतला आहे. काल्पीचे पान आजच काढून वाचले. ते बैठकीत नक्कीच वाचले जाईल. मुलीला समाधीपाशी नेऊन कविता वाचण्याची कल्पना आमच्या मंडळातील इतर पालकांनाही कळवते आहे. दर जून महिन्यात तेथे जो बलिदान मेळा भरतो, त्यात ही मराठी कविताही म्हटली जावी, असे फार वाटते. कोणी चित्रपटाविषयी लिहिले, तर चर्चा पूर्ण होईल.


शिंदे छावणीचा रहिवासी (ग्वाल्हेर) यांचे उत्तर:

नमस्कार ताई. चित्रपटाविषयी मी लिहितो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा २०२० सालचा मराठी चित्रपट मी अलीकडे पाहिला, आणि संगीताच्या या गावात तो प्रत्येक मराठी घरात पाहिला जावा, असे मला कळकळीने वाटते. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याच्या पटकथेला पुरस्कार मिळाला होता. शरद नेरुळकर हा मुंबईतील तरुण ख्यालगायक व्हायचे म्हणून गुरूंची सेवा करतो, रियाज करतो, स्पर्धांत उतरतो, आणि वर्षे सरत जातात तसतसे आपल्याजवळ ती गोष्ट नाही, हे त्याला थोडे थोडे कळत जाते. ही भूमिका आदित्य मोडक यांनी केली आहे आणि गुरूंची डॉ. अरुण द्रविड यांनी. दोघेही प्रत्यक्षात गायक आहेत, त्यामुळे पडद्यावरचे गाणे कोठेही उसने वाटत नाही.

सायंतारा ताईंच्या प्रश्नाशी या चित्रपटाचा संबंध फार जवळचा आहे. शरदने गुरूंच्याही गुरू असलेल्या 'माईं'ना कधी पाहिलेले नाही. त्यांची व्याख्याने तेवढी ध्वनिफितींवर त्याच्याजवळ आहेत. रात्रीच्या निर्जन रस्त्यांवरून तो मोटारसायकलवर अतिशय मंद गतीने जात असतो, खाली तानपुरा वाजत असतो आणि कानांत माईंचा आवाज असतो. हा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. साधना, एकांत, शुद्धता यांविषयी माई बोलत राहतात, आणि ते बोलणे इतके उंचीवरचे आहे की तो तरुण त्यातच राहू लागतो. पुढे एक जुना संग्राहक त्याला माईंविषयी आणि त्याच्या गुरूंविषयी काही कडवट गोष्टी सांगतो, तेव्हा शरद हातातल्या पेल्यातले त्याच्या तोंडावर फेकतो. त्या एका कृतीत त्याची सारी श्रद्धा आणि सारी भीती दिसते. गाणे त्याच्याकडे गाण्यातून आले, त्याहून अधिक ते गाण्याविषयीच्या शब्दांतून आले, आणि तेथेच त्याचा घात झाला, असा अर्थ मी लावतो. काकांना हे पटेल की नाही, याची उत्सुकता आहे.

आमच्या घरात या चित्रपटावर मतभेद झाला. माझ्या वडिलांनी तरुणपणी माधव संगीत महाविद्यालयात काही वर्षे गाणे शिकून पुढे नोकरीसाठी ते सोडले होते. त्यांना हा चित्रपट निर्दय वाटला; ज्याने आयुष्य गाण्याला दिले, त्याच्या हाती काहीच लागू नये, हे त्यांना सोसवले नाही. मला तसे वाटत नाही. शरदला यश मिळत नाही, पण त्याचा कान खरा आहे. स्वतःचा उणा पडलेला स्वर त्याला ऐकू येतो, आणि ते ऐकू येणे ही गुरूंनी दिलेलीच गोष्ट आहे. बैठकीला येणारे अर्धेअधिक रसिक असेच केव्हातरी शिकून थांबलेले असतात. कलावंत घडतात ते अशाच श्रोत्यांसमोर, आणि चित्रपटांत त्यांची कथा क्वचितच येते. ताम्हाणे यांनी ती इतक्या आदराने सांगितली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. शेवटचा रेल्वेच्या डब्यातला प्रसंग येथे सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी तो स्वतःच पाहावा.


ख्यालप्रेमी (जनकगंज, ग्वाल्हेर):

छावणीकर, आपला अर्थ मला पटला. माईंच्या तोंडची वाक्ये ऐकताना मीही भारावून गेलो होतो, पण गुरू शिष्याला समोर बसवून एकच जागा पुन्हा पुन्हा घ्यायला लावतात, ते प्रसंग मला त्याहून मोठे वाटले. गाणे तेथे आहे. आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा. माधव महाविद्यालय १९१८ साली माधवराव महाराजांनी संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू केले, त्यातून मोठे गायक निघाले, हे खरेच. परंतु या शहराचे कान तयार झाले, ही त्या विद्यालयाची मला त्याहूनही मोठी देणगी वाटते, आणि आपल्या वडिलांसारखे विद्यार्थी त्या देणगीचेच वाटेकरी आहेत.


माळवावासी (पूर्वी ग्वाल्हेर, सध्या इंदूर) यांचे उत्तर:

थोडक्यात लिहितो. मी सध्या मुक्तिबोध बंधू एकत्र वाचतो आहे. गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १९१७ साली तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूरचा, घर मराठी, आणि कविता लिहिली हिंदीत. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहिते झाले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा संग्रह १९६४ साली आला, त्याच वर्षी थोरले मुक्तिबोध गेले. त्यातील 'अंधेरे में' ही दीर्घ कविता मी आधी मणी कौल यांच्या 'सतह से उठता आदमी' या १९८० सालच्या चित्रपटाच्या ओढीने उघडली. चित्रपट मुक्तिबोधांच्या लेखनावर उभा आहे, कथा सांगण्याची घाई त्यात नाही, आणि त्यामुळे पुस्तक वाचण्याची भूक वाढते. शरच्चंद्रांची 'नवी मळवाट' त्याच्या शेजारी ठेवून वाचली की एकाच घरात वाढलेली अस्वस्थता दोन भाषांत किती वेगळ्या रीतीने बोलते, हे दिसते. थोरले भाऊ मध्यरात्रीच्या शहरातून एकटे चालत राहतात; धाकट्यांना चालताना सोबतीला माणसे हवी असतात. आपल्यासारख्या हिंदी मुलखात राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे दोघे भाऊ वेगवेगळे वाचू नयेत, असे माझे मत आहे. एखाद्या बैठकीचा विषय म्हणून सुचवून ठेवतो.


सायंतारा (लष्कर, ग्वाल्हेर):

सर्वांच्या उत्तरांमुळे बैठकीची आखणी पक्की झाली. आरंभी 'जन पळभर म्हणतील' ही कविता पाचही कडव्यांसह, कोणतीही चाल न लावता वाचली जाईल, आणि त्यानंतर लताबाईंचे गाणे ऐकवले जाईल. मग काल्पीचे पान, मग राणीवरची कविता. ती फूलबागेच्या वाचकांच्या कन्येने म्हणावी, अशी माझी विनंती आहे, आणि तिने होकार दिल्यास फार आनंद होईल. 'द डिसायपल' बैठकीच्या वेळेत मावणार नाही, त्यासाठी आमच्या घरी एक वेगळी संध्याकाळ ठेवते. छावणीकरांनी वडिलांना घेऊन यावे, त्यांचे मत मला त्यांच्या तोंडून ऐकायचे आहे. मुक्तिबोध बंधूंचा विषय पुढच्या वेळच्या वक्त्यांना कळवला आहे.

ख्यालप्रेमी काकांकडे एक मागणे आहे. 'तांबे गीत रजनी'मधील कोणते गाणे ऐकवावे, ते आपणच निवडून द्यावे, आणि ते लागण्यापूर्वी कविता आपल्याच तोंडून वाचली जावी. तानपुरा घरी आहे. जवारी, म्हणजे त्याच्या तारांचा गुंजता नाद, मात्र आपल्याला काढावी लागेल.